पंचगंगा घाटाच्या चारकोल ड्रॉइंगमधला मूड कसा वाचायचा? कावळा, धूर, दीपमाळ यांचं काय करायचं?

कोळसाकांडी

नमस्कार, मी कोल्हापुरात चित्रकलेच्या पहिल्या वर्षाला आहे. आम्हाला एका लँडस्केप ड्रॉइंगचं रसग्रहण लिहायला दिलंय, दोन पानं, आणि मुद्दे दिलेत ते म्हणजे चित्रातला मूड आणि चित्रातली प्रतीकं. चित्र कुणातरी जुन्या विद्यार्थ्याचं आहे, कोपऱ्यात सही आहे पण वाचता येत नाही आणि साल घातलेलं नाही, त्यामुळं चित्रकाराला गाठून विचारायचा प्रश्नच नाही. फोटो बाहेर टाकायची परवानगी नाहीये म्हणून शब्दांत सांगते.

पाव इंपिरियल कागद (इंपिरियल ह्या मोठ्या ड्रॉइंग कागदाचा चौथा भाग), आडवा, थोडा पिवळट पडलेला आणि खरखरीत. पूर्ण चारकोल. पंचगंगा घाट आहे हे बघताक्षणी कळतं. डाव्या वरच्या कोपऱ्यातनं पायऱ्या तिरक्या खाली येतात, जवळजवळ मधोमध पोचतात, खूप काळ्या केल्यात, फक्त पायऱ्यांच्या कडा रबरानं उचलून उजळ ठेवल्यात. मध्यापासून जरा उजवीकडं पाण्यात एक दीपमाळ उभी, पेटलेली नाही. तिचं पाण्यातलं प्रतिबिंब तिच्यापेक्षा लांब काढलंय. अर्ध्यापेक्षा जास्त कागद पाणीच आहे आणि तिथं काही काढलेलंच नाही, कोरा कागद आणि चारदोन आडव्या रेघा बस. क्षितिज बरंच वर. पलीकडच्या काठाला झाडांची एक पुसट ओळ, तिच्या मागनं धुराची एक रेघ वर जाते आणि वरती जाऊन उजवीकडं वाकते. आकाश एकसारखं राखाडी. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर एक कावळा. माणूस एकही नाही.

मला बघितल्या बघितल्या उदास वाटलं. शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली तिला एकदम शांत, गार वाटलं. नेटवर शोधलं की कावळा म्हणजे मृत्यू, नदी म्हणजे काळ, पायऱ्या म्हणजे आयुष्याचा प्रवास, धूर म्हणजे सगळं नाशवंत आहे वगैरे ढीगभर मिळतं आणि ते लिहिलं तर दोन पानं सहज भरतात, पण ते तर कुठल्याही घाटाच्या कुठल्याही चित्राला चिकटवता येईल, ह्याच चित्राबद्दल त्यात काय आहे? मग मूड कुठनं ओळखायचा, तो माझ्या मनातला का कागदावरचा? आणि एखादी गोष्ट प्रतीक आहे का नुसती तिथं होती म्हणून काढलीय हे कसं ठरवायचं? कुणीतरी नीट सांगा, मला हे खरंच समजून घ्यायचंय.

पुट्टीरबर

प्रश्न चांगला विचारलास, आणि वर्णन तर त्याहून चांगलं केलंयस, रसग्रहणाचं निम्मं काम त्यातच झालंय. मी बरीच वर्षं ड्रॉइंग शिकवतो म्हणून माझ्या पद्धतीनं सांगतो.

आधी 'उदास' हा शब्द थोडा वेळ बाजूला ठेव. कागदावर असं काय आहे ज्यानं तुला उदास वाटलं ते शोध, कारण लँडस्केपमधला मूड हा चित्रकारानं हातानं केलेला असतो, टोननं म्हणजे गडद-उजळपणानं, रेघांच्या दिशेनं, मोकळ्या जागेनं, कडा कडक ठेवल्यात का विरघळवल्यात त्यानं. घाट तोच, दीपमाळ तीच, पण सगळे टोन उजळ ठेवून एखाद्यानं काढली तर सकाळची आंघोळीची वेळ वाटेल आणि तेच सगळं गडद टोनमध्ये दाबून काढलं तर वेगळंच.

आता तुझ्या चित्रात बघ. पायऱ्या डावीकडनं वरनं खाली तिरक्या येतायत, आपली नजर सवयीनं डावीकडनं शिरते, म्हणजे ती त्या काळ्या उतरणीवरनं घसरत खाली येते. घसरून कुठं पोचते? कोऱ्या पाण्यात. तिथं धरायला काहीच नाही, नुसत्या आडव्या रेघा. तिरकी गडद उतरण मनाला खाली ओढते आणि आडवी रेघ मनाला निजवते, हे दोन्ही एकाच कागदावर आहे. म्हणून तुला उदास वाटलं आणि मैत्रिणीला शांत वाटलं, दोघींनी चित्राचा वेगवेगळा भाग आधी पकडला एवढंच. आता तुम्ही दोघींनी मिळून बघायचं की चित्रकारानं जास्त जागा कुणाला दिलीय आणि जास्त जोर कुठं लावलाय. जागा पाण्याला दिसतेय, जोर पायऱ्यांना.

क्षितिज वर असण्याचाही परिणाम असतो. आकाश कमी झालं की नजर वर निसटत नाही, बघणारा पाण्याकडं बघत राहतो. क्षितिज खाली असतं तर चित्र मोकळं झालं असतं.

ते प्रतिबिंबाचं मला फार महत्त्वाचं वाटलं. पाणी अगदी स्थिर असेल तर प्रतिबिंब साधारण वस्तूएवढंच दिसतं, पाण्यावर बारीक लाट असली की ते आपल्या दिशेला लांबत येतं. म्हणजे एकतर पाणी किंचित हलतंय आणि चित्रकारानं ते बरोबर बघितलंय, नाहीतर पाणी स्थिर असून त्यानं मुद्दाम लांबवलंय. प्रतिबिंबाची कड कशी आहे बघ, तुटक तुटक असेल तर लाट, सरळ एकसंध असेल तर मुद्दाम. मुद्दाम असेल तर त्यावर एक अख्खा परिच्छेद लिहायला हरकत नाही.

आणि एक कर. डोळे बारीक करून चित्र बघ आणि छोट्या कागदावर फक्त तीन टोनमध्ये उतरवून घे, काळा, मधला, पांढरा. मग अंगठ्यानं कावळा झाक आणि बघ चित्रात काय बदलतं. काहीच बदललं नाही तर कावळ्यावर अर्धं पान घालवू नकोस. तसंच दीपमाळ झाकून, धूर झाकून बघ. ज्या गोष्टीवाचून चित्र कोसळतं तिच्याबद्दलच प्रतीक वगैरे बोलायचं.

शुक्रवारपेठकर

मला चित्रातलं काय कळत नाही पण घाट कळतोय, सगळं लहानपण तिथंच गेलंय, म्हणून लिवतो.

ताई, किती पायऱ्या उघड्या दिसत्यात त्याच्यावर्न महिना कळतोय बघा. पावसाळ्यात घाटावरची ती लहान लहान देवळं आन दीपमाळा सगळं पाण्याखाली जातंय, पाणी वाढलं की पायऱ्या सोडाच घाटाकडचा रस्ता पण बंद होतोय. जुलै-ऑगस्टात आमच्या पेठेत माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न एकच, पाणी कुठवर आलंय? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आन ४३ फुटाला धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळेतल्या पोराला पण पाठ असत्यात. २०१९ ला तर ५५ फुटाच्या वर गेलतं, २०२१ ला परत तसंच. म्हणून सांगतो, पायऱ्या खालपर्यंत मोकळ्या आन पाणी गप पडल्यालं असलं चित्र आमच्यासारख्यानं बघितलं की छातीवरचं वजन उतरल्यागत होतंय. भायेरच्या माणसाला तिथं कोण नाही म्हणून ओसाड वाटत असंल, आमाला नाही वाटत.

धुराचं सांगतो. पलीकडच्या काठाला झाडाच्या मागनं धूर म्हणलासा न्हवं? पलीकडं चिखली आंबेवाडीकडं सगळा ऊस. स्मशानभूमी शहराच्या बाजूला हाय, अल्याड. मग पलीकडचा धूर चितेचा कसा असंल? तो गुऱ्हाळाचा असणार. चुलवाणात चिपाडं टाकली की चिमणीतनं धूर निघतोय तो लांबनं असाच एका रेघंत दिसतोय आन वर वारं लागलं की वाकतोय. गुऱ्हाळं चालू होत्यात दिवाळीच्या आसपास, पुढं मार्चपर्यंत. पायऱ्या मोकळ्या, गुऱ्हाळ चालू, म्हणजे थंडीचे दिवस धरा. त्या धुराला काकवीचा वास असतोय ओ, मला तर धूर हे नाव वाचल्यावरच आला. आन लोक त्याला नाशवंत म्हणायल्यात.

कावळ्याचं पण तसंच. घाटावर दहाव्याचं कार्य होतंय, त्यामुळं तिथं कावळं कायमच असत्यात, नाही म्हणत नाही. पण घरात कावळा ओरडला तर आमची आजी पाहुणं येणार म्हणून पीठ जास्त भिजवायची. कावळा एकच. त्या कावळ्याच्या म्होरं पिंड, द्रोण, पत्रावळ असलं काय काढलंय का बघा. काढलं नसंल तर उगं दहाव्याचा कावळा म्हणून लिवू नका, ह्ये माझं मत.

जुनी_चित्रं_बघणारी

शुक्रवारपेठकर यांची पोस्ट दोनदा वाचली. चित्रातलं कळत नाही म्हणतात पण अशी वाचणारी माणसं गॅलरीत भेटत नाहीत.

मला एक जोडायचंय आणि पुट्टीरबर सरांशी एका मुद्द्यावर थोडं भांडायचंय. क्षितिज खाली असतं तर चित्र मोकळं झालं असतं असं ते म्हणाले, नेहमीच तसं होत नाही. कास्पार डेव्हिड फ्रीडरिश ह्या जर्मन चित्रकाराचं १८०८ ते १८१० मधलं एक चित्र आहे, समुद्राकाठी उभा असलेला एक साधू. क्षितिज अगदी खाली, वर प्रचंड आकाश, माणूस बोटाएवढा, आणि बघताना मोकळं अजिबात वाटत नाही, दडपायला होतं. त्या चित्राची तपासणी झाली तेव्हा कळलं की त्यानं आधी समुद्रात जहाजं काढली होती आणि नंतर ती रंगाखाली बुजवून टाकली. जहाज असतं तर नजरेला कुठंतरी जायला वाट होती, ती वाटच त्यानं काढून घेतली. म्हणून मला वाटतं की कोळसाकांडीनं चित्रात काय नाही हेही लिहावं. घाटावर माणूस नाही, होडी नाही, कपडे धुणारं कुणी नाही, म्हशी नाहीत. घाट बघितलेल्या माणसाला माहीत आहे की तिथं कुणी नाही अशी वेळ मिळणं अवघड, तेव्हा हे रिकामेपण चित्रकारानं निवडलेलं आहे.

प्रतीकांबद्दल डच चित्रकार रेम्ब्रांचं एक एचिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र, बघ, १६४३ मधलं, तीन झाडं. तुझ्या चित्रासारखंच काळंपांढरं, म्हणून मुद्दाम सांगतेय. उजवीकडं टेकाडावर तीन गडद झाडं उजेडावर उभी, डावीकडं वादळ सरकतंय आणि पावसाच्या सरी सरळ तिरक्या रेघांनी ओढल्यात. पुष्कळ लोक त्या तीन झाडांत तीन क्रूस बघतात. पण तेच चित्र जवळ जाऊन बघितलं की डावीकडं पाण्याकाठी एक जोडपं आहे, त्यातला एक मासे धरतोय, खाली झुडपाच्या अंधारात एक प्रेमी जोडपं लपलंय, दिसता दिसत नाही, आणि टेकाडावर एकजण निवांत पाठ करून चित्र काढत बसलाय. एवढं सगळं एका वितीच्या कागदात. आता नुसतं तीन झाडं म्हणजे तीन क्रूस म्हणून थांबलं तर ह्या लोकांचं काय करायचं? ते क्रूसाचं वाचन चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण बाकीच्या चित्राला सोबत घेऊन ते टिकलं पाहिजे. वादळ आहे आणि त्याच वेळी मासेमारी, प्रेम, चित्र काढणं चालूच आहे, मला तर त्या चित्राचा मूड तिथं सापडतो.

आणि कावळ्यांचं म्हणशील तर व्हॅन गॉगचं गव्हाच्या शेतावरच्या कावळ्यांचं चित्र घे, जुलै १८९० मधलं. लोक ठामपणे सांगतात की हे त्याचं शेवटचं चित्र, कावळे म्हणजे मरण. शेवटचं ते नाही, त्यानंतरही त्यानं चित्रं केली. आणि त्याच दिवसांत भावाला लिहिलेल्या पत्रात तो वादळी आकाशाखालच्या अफाट शेतांबद्दल लिहितो की त्यांत दुःख आणि टोकाचा एकटेपणा आणायचा प्रयत्न केला, आणि त्याच पत्रात पुढं असंही लिहितो की खेड्यातल्या हवेत जे निरोगी आणि बळ देणारं वाटतं तेही ह्या चित्रांतनं सांगता येईल. दोन्ही एकत्र. त्यामुळं तुला उदास आणि मैत्रिणीला शांत वाटलं ह्यातलं एक निवडायची घाई करू नकोस.

सरांना एवढंच की प्रतीक कधीकधी अगदी जाणूनबुजून ठेवलेलं असतं. फ्रीडरिश क्रूस, जहाजाचा नांगर, वठलेली झाडं विचार करूनच मांडायचा. अंगठ्यानं झाकून बघणं चांगलंच, पण त्यावर सगळं सोडू नये.

पुट्टीरबर

मान्य. क्षितिजाचा नियम म्हणून सांगायचा नव्हता, ह्या चित्रात ते काय करतंय एवढंच म्हणायचं होतं. जहाजं बुजवल्याची गोष्ट आता वर्गात सांगणार.

निसर्गवारी

मधेच घुसतोय, कुणी म्हणालं नाही म्हणून. कोल्हापुरातच राहून लँडस्केपवर लिहायचं असेल तर आबालाल रहिमान बघितल्याशिवाय लिहू नये. शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार, १९३१ ला गेले, आणि ह्याच परिसरातली तळी, नदी, झाडी त्यांनी जन्मभर रंगवली. टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांचं काम आहे. प्रिंटमध्ये किंवा मोबाईलवर बघून उपयोग नाही, त्यांचा उजेड प्रत्यक्षच बघायला पाहिजे, तो एका ठिकाणी साचत नाही, सगळीकडं हवेत असल्यासारखा असतो. त्यांच्या लँडस्केपमध्ये प्रतीक शोधायला गेलं तर हाताला काही लागत नाही आणि तरी चित्रासमोरून हलवत नाही. मूड असायला प्रतीक लागतंच असं नाही हे तिथं कळतं.

दुसरं, राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. सिनेमातले चंद्रकांत बहुतेकांना माहीत, पण त्यांनी निसर्गचित्रं किती केलीत हे तिथं गेल्यावर कळतं. त्यात पावडर शेडिंगची कामं आहेत ती आवर्जून बघ, तुझं चित्र चारकोलचं आहे म्हणून सांगतोय. रंग नाहीत, नुसती काळी पूड, आणि तरी धुकं कुठलं आणि धूर कुठला हे कळतं. कड कशी विरघळवायची आणि कुठं धारदार सोडायची हे बघून तुझ्या चित्रातल्या धुराकडं परत ये, मग लिहायला शब्द मिळतील. कॉलेज सुटल्यावर एक चक्कर मार, लांब नाही.

कोळसाकांडी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आज परत चित्र मागून घेतलं आणि खिडकीजवळ नेऊन बघितलं, जे सापडलं ते लिहिते.

कावळ्याच्या समोर काहीच नाही. पिंड नाही, द्रोण नाही, नुसती ओली पायरी. तो आपल्याकडं पण बघत नाहीये, तोंड पलीकडच्या काठाकडं आहे, धुराच्या दिशेला. अंगठ्यानं झाकल्यावर चित्र आनंदी वगैरे झालं नाही पण नजर पायऱ्यांवरनं खाली येऊन थेट उजवीकडं कागदाबाहेर गेली. कावळा असला की ती तिथं थांबते आणि मग त्याच्या तोंडाच्या दिशेनं दीपमाळेकडं आणि धुराकडं जाते. म्हणजे तो चित्रात काम करतोय.

धूर पलीकडच्या झाडांच्या मागचाच आहे, शंका नाही. बुंध्याशी कड जरा स्पष्ट आहे आणि वर वर विरघळत गेलाय, बोटानं पुसलेलं दिसतं.

प्रतिबिंबाची कड एकसंध आहे, तुटक नाही. पाण्यावरच्या आडव्या रेघाही त्याला कुठं कापत नाहीत. म्हणजे मुद्दाम लांबवलंय असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट पहिल्यांदा दिसलीच नव्हती. दीपमाळेच्या अंगावर वरच्या बाजूला एक आडवी रेघ आहे, रेघ म्हणजे टोनचा फरक, खाली गडद आणि वर उजळ. आधी वाटलं सावली असेल पण उजेड उजवीकडनं आहे, सावली अशी आडवी येणार नाही. शुक्रवारपेठकर दादा, ही पाण्याची खूण असेल का? तशीच खूण पायऱ्यांच्या वरती डाव्या कोपऱ्यात भिंतीवर पण आहे आणि दोन्ही एकाच उंचीला आहेत, मी पट्टी लावून बघितली, चित्रात क्षितिज धरून हिशेब केला तर जुळतं.

शुक्रवारपेठकर

व्हय, पाण्याचीच खूण. पूर वसरला की घाटावरच्या दगडाला असाच पट्टा राहतोय, खाली गाळाचा रंग आन वर कोरडा दगड. आमच्या घराच्या भिंतीला पण हाय, रंग दिला तरी वर येतोय. ज्यानं चित्र काढलंय तो इथलाच असणार, नाहीतर भायेरच्या माणसाला ती रेघ काढायची कशाला सुचंल. नदी गप झाल्यावर काढलंय पण पाणी कुठवर आलतं ते इसरला नाही गडी. आता मला ते चित्र बघायला पाहिजे असं वाटायलंय.

जुनी_चित्रं_बघणारी

हे फार मोठं सापडलंय तुला. नेटवरच्या कुठल्याही यादीत दीपमाळेवरची पाण्याची रेघ म्हणजे अमुक असं लिहिलेलं नसणार, आणि तरी ह्या चित्रातलं सगळ्यात बोलकं ठिकाण तेच आहे. उदासपणा तुला कावळ्यात वाटत होता, मला वाटतं तो तिथं आहे. शांत पाणी खाली आणि चढलेल्या पाण्याची खूण वर, दोघांच्या मधलं अंतर चित्रकारानं मोजून काढलंय, आणि मग ते लांबवलेलं प्रतिबिंबही वेगळं दिसायला लागतं, दीपमाळ पाण्यात आत किती खोल जाऊ शकते ह्याची आठवण असल्यासारखं. हे माझं वाचन, तुला पटलं तरच घे.

दीपमाळ पेटलेली नाही ह्याबद्दल लिहिताना जपून. त्रिपुरी पौर्णिमेला पहाटे त्याच घाटावर हजारो पणत्या लागतात, ज्यानं ते बघितलंय त्याला न पेटलेली दीपमाळ पुढच्या त्रिपुरीची वाट बघणारीही वाटू शकते. विझलेली असं लिहिलंस की तू निकाल देऊन टाकलास. न पेटलेली असं लिही, कागदावर तेवढंच आहे.

आणि साल नाही तर २०१९ चा पूर म्हणून लिहू नकोस. कागद पिवळा पडलाय म्हणतेस, पंचगंगेला पूर २००५ लाही आला होता आणि त्याच्या आधीही येतच होते.

कोळसाकांडी

पहिला परिच्छेद लिहिलाय, बघता का प्लीज?

"ह्या चित्रात घाटाच्या काळ्या पायऱ्या डावीकडून खाली उतरतात आणि नजर त्यांच्याबरोबर पाण्यापर्यंत येते. पाणी म्हणजे कोरा कागद आहे. चित्रकाराला पुराचं दुःख सांगायचं आहे. तळच्या पायरीवरचा कावळा नजरेला थांबवतो आणि पलीकडच्या काठाकडे वळवतो, तिथे गुऱ्हाळाचा धूर आहे, म्हणजे पलीकडे काम सुरू झालेलं आहे. मधे न पेटलेली दीपमाळ आणि तिच्यावर चढलेल्या पाण्याची खूण. चित्र शांत आहे पण ही शांतता पाणी उतरल्यानंतरची आहे, त्यामुळे ती बघणाऱ्याला हलकी वाटत नाही. नदी हे काळाचे प्रतीक असून जीवन अखंड वाहत राहते."

पुट्टीरबर

उत्तम. तिसरं वाक्य काढ, चित्रकाराला काय सांगायचंय ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, आणि पुढं तू खूण दाखवलीच आहेस, तिथं वाचणाऱ्याला आपोआप कळतं. शेवटचं नदी आणि काळाचं वाक्य पण काढ, ते तू पहिल्या पोस्टमध्ये ज्याला वैतागली होतीस त्याच यादीतलं आहे. गुऱ्हाळाचा धूर लिहिताना तो गुऱ्हाळाचा का म्हणतेस ते एका ओळीत लिही, पलीकडचा काठ, उघड्या पायऱ्या, थंडीचे दिवस. परीक्षक बाहेरगावचा असला तर त्याला ते माहीत नसणार, आणि माहीत असलेल्यालाही तू विचार केलायस हे दिसेल.

पट्टी लावून दोन्ही खुणा एका उंचीच्या आहेत हे तपासलंस ते दुसऱ्या परिच्छेदात नक्की घाल, शक्य असेल तर तीन टोनचा तो छोटा स्केच पण सोबत जोड आणि त्यावर ती खूण बाणानं दाखव. मैत्रिणीला शांत वाटलं होतं तेही येऊ दे, तिचं नाव न घेता, आणि तिला ते चित्रातल्या कुठल्या भागामुळं वाटलं ते लिही. बाकी टोन, कडा आणि प्रतिबिंब ह्यांवर मिळून एक पान सहज होईल.

शुक्रवारपेठकर

आन काकवीचं पण लिवा ओ एक वाक्य.

कोळसाकांडी

लिहिते दादा, धुराच्या ओळीतच बसतंय. सर, दोन्ही वाक्यं काढली. शनिवारी मांडरे संग्रहालयात जाऊन येते आणि मग धुराच्या कडेबद्दलचा भाग पूर्ण करून इथं टाकते.